आयएमईआय क्रमांक कसा वाचावा, कसा पडताळावा : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : *#०६# डायल केल्यावर माझ्या फोनवर पंधरा आकड्यांचे दोन क्रमांक दिसतात. यांपैकी खरा कोणता? सिमकार्ड बदलल्यावर ते बदलतात का?

उत्तर : दोन्ही खरे आहेत आणि सिम बदलल्याने त्यांपैकी एकही बदलत नाही. आयएमईआय, म्हणजेच इंटरनॅशनल मोबाइल इक्विपमेंट आयडेंटिटी, ही सिमची नव्हे तर यंत्राची ओळख आहे. दोन सिम चालणारा फोन नेटवर्कच्या लेखी दोन स्वतंत्र उपकरणांसारखा असतो, म्हणून त्याला दोन क्रमांक दिले जातात. एक सिम आणि एक ई-सिम असलेल्या फोनमध्येही हेच दिसते. सिमची ओळख सांगणारा आयएमएसआय हा निराळा क्रमांक असून तो सिमबरोबर दुसऱ्या फोनमध्ये जातो. काही फोनवर पंधराऐवजी सोळा आकडे दिसतात, तेव्हा शेवटचे दोन आकडे सॉफ्टवेअरची आवृत्ती दर्शवतात. नोंद करताना मात्र दोन्ही आयएमईआय लिहून ठेवावेत. फोन चोरीला गेल्यावर त्यांपैकी एकच बंद झाला, तर दुसऱ्याच्या आधारे तो वापरात राहण्याची शक्यता उरते.

प्रश्न : सातवा आणि आठवा आकडा पाहून फोन कोणत्या देशात तयार झाला व त्याचा दर्जा कसा आहे हे कळते, असा संदेश मला आला आहे. तो खरा आहे का?

उत्तर : नाही. हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि त्यावर विसंबून लोक चांगले फोन नाकारतात व नकली फोन बिनदिक्कत घेतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जुन्या पद्धतीत सहा आकड्यांच्या मान्यता-क्रमांकानंतर येणारे दोन आकडे फोनची अंतिम जुळणी कोठे झाली त्याचा संकेत देत असत. २००३-०४ मध्ये ही पद्धत बदलली आणि ते दोन आकडे आधीच्या सहांत मिळून आठ आकड्यांचा टाइप अ‍ॅलोकेशन कोड, म्हणजे टॅक, तयार झाला. आज हे आठही आकडे एकत्र वाचायचे असतात आणि ते कंपनी व मॉडेल सांगतात; जीएसएमए या मोबाइल उद्योगाच्या जागतिक संघटनेच्या व्यवस्थेतून हा कोड दिला जातो. त्यापुढचे सहा आकडे म्हणजे त्या टॅकखालील एकेका फोनचा अनुक्रमांक आणि पंधरावा तपासणीचा आकडा. दर्जाविषयी यातला कोणताही आकडा काहीही सांगत नाही, आणि जुन्या पद्धतीतही सांगत नव्हता.

प्रश्न : जुना फोन घेताना त्याचा क्रमांक एका संकेतस्थळावर टाकला आणि ‘व्हॅलिड’ असे उत्तर आले. आता फोन अस्सल आहे असे मानावे का?

उत्तर : तेवढ्यावरून मानू नये. अशी अनेक संकेतस्थळे केवळ पंधरावा आकडा गणिताने जुळतो की नाही एवढेच पाहतात. हे गणित कागदावरही करता येते. उदाहरणासाठी १२३४५६७८९०१२३४ असे चौदा आकडे घ्या. ते मुद्दाम काल्पनिक घेतले आहेत. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असा प्रत्येक सम स्थानावरचा आकडा दुप्पट करायचा आणि उत्तर दोन अंकी आले तर त्यातले दोन्ही अंक मिळवून घ्यायचे. म्हणजे २, ४, ६, ८, ०, २, ४ यांचे ४, ८, ३, ७, ०, ४, ८ होतात व त्यांची बेरीज ३४ येते. उरलेल्या १, ३, ५, ७, ९, १, ३ यांची बेरीज २९. एकूण ६३, पुढची दहाची पट ७०, म्हणून पंधरावा आकडा ७. आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांची ही पद्धत बँकांच्या कार्डांवरील क्रमांकांसाठीही वापरली जाते.

लिहिताना एखादा आकडा चुकला तर ही पद्धत ती चूक नेमकी पकडते, आणि शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरीही बहुतेक वेळा पकडते. अपवाद ९ आणि ० या जोडीचा. वरच्या उदाहरणात नवव्या-दहाव्या स्थानी ९० ऐवजी ०९ लिहून पाहा. बेरीज ६३च राहील. पण मुख्य मुद्दा असा की, ज्याला हे गणित येते त्याला ‘व्हॅलिड’ ठरणारे हवे तितके क्रमांक घरबसल्या तयार करता येतात, आणि दुसऱ्याच्या अस्सल फोनचा क्रमांक उचलून नकली फोनमध्ये भरला तर तोही या कसोटीला उतरतो. म्हणून संकेतस्थळाने टॅकवरून सांगितलेले मॉडेल आणि हातातला फोन एकच आहेत का, हे आधी पाहावे. मग पडद्यावरचा क्रमांक, सेटिंग्जमधील क्रमांक, खोक्यावरील पट्टी, खरेदीची पावती आणि छापलेला असल्यास सिमच्या ट्रेवरचा किंवा मागच्या बाजूचा क्रमांक ताडून पाहावा. पडदा आणि ट्रे यांत फरक असेल तर मदरबोर्ड किंवा ट्रे बदललेला असू शकतो. याचा अर्थ नेहमी चोरी असा होत नाही, पण विक्रेत्याने त्याचा समाधानकारक खुलासा केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्या देशात अधिकृत पडताळणी सेवा असेल तर क्रमांक काळ्या यादीत नाही ना, याची खातरजमा व्यवहारापूर्वीच करावी. फोन घेतल्यानंतर ती करून फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : फोन चोरीला गेला असून खोकेही हरवले आहे. क्रमांक कोठे मिळेल आणि त्यावरून फोनचा ठावठिकाणा मला शोधता येईल का?

उत्तर : पावती, विम्याची कागदपत्रे किंवा ज्या गुगल अथवा अ‍ॅपल खात्याशी फोन जोडलेला होता त्या खात्यातील उपकरणांची माहिती, यांत क्रमांक मिळू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र निराशा करणारे आहे. आयएमईआय स्वतः जागा सांगत नाही. फोन नेटवर्कशी जोडला जाताना हा क्रमांक कंपनीच्या यंत्रणेला कळू शकतो आणि तो कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे हे कंपनी पाहू शकते, परंतु ही माहिती पोलिसांना कायदेशीर मार्गानेच मिळते. क्रमांक घेऊन फोन शोधून देण्याचा दावा करणाऱ्या खासगी अ‍ॅपला किंवा व्यक्तीला पैसे देऊ नका. आपल्या हाती असलेला उपाय म्हणजे फोन शोधण्याची त्याच खात्यातील सोय. ती आयएमईआयवर नव्हे, खात्यावर चालते. मग पोलिसांत तक्रार नोंदवून नेटवर्क कंपनीकडून सिम आणि आयएमईआय दोन्ही बंद करून घ्यावेत.

प्रश्न : दुरुस्तीनंतर आयएमईआयच्या जागी केवळ शून्ये दिसतात. दुरुस्ती करणारा नवा क्रमांक टाकून देतो म्हणतो. टाकून घ्यावा का?

उत्तर : मुळीच नाही. क्रमांक साठवलेला मेमरीचा भाग किंवा मॉडेमचे सॉफ्टवेअर बिघडले की असे होते. ‘नवा’ म्हणून दिला जाणारा क्रमांक बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी फोनचा असतो आणि असा फेरफार अनेक देशांत गुन्हा आहे. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात मूळ पावती आणि खोके घेऊन जावे. मदरबोर्ड बदलावा लागला तर बदललेला क्रमांक दुरुस्तीच्या कागदावर लिहून घ्यायला विसरू नये.

प्रश्न : फोन विकण्याच्या जाहिरातीत आयएमईआय दिला तर चालेल का?

उत्तर : फोटोत क्रमांक उघडा ठेवू नये. तेवढ्यावरून कोणी तुमचे संदेश वाचू शकत नाही, पण तो क्रमांक नकली फोनसाठी किंवा खोट्या तक्रारीसाठी वापरला जाऊ शकतो. खरेदीदार प्रत्यक्ष भेटला की त्याच्यासमोर *#०६# डायल करून दाखवावे आणि तोच क्रमांक विक्रीच्या पावतीवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.