स्टेज १ पोलो आणि घाटातला 'टक' आवाज: पार्ट नंतर, आधी लॉग मागा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. १.० टीएसआय पोलो, स्टेज १ रिमॅप (पार्ट न बदलता फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं), साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत पाचव्या गिअरवर पाय दाबला की एकदाच 'टक', मग क्षणभर गाडीत जीवच नाही. ट्यूनर म्हणतो पेट्रोल खराब. सर्व्हिस सेंटर म्हणतं रिमॅप काढून या, मग बघू. माझी गाडी हीच, आवाज हाच आणि उत्तरंही हीच दोन होती.

ऑइल, फिल्टर वगैरे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही विचारलंय, थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर टाकणारा स्पार्क प्लग) टाकू की इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) बदलू? सध्या काहीच विकत घेऊ नका. ट्यूनरकडून दोन गोष्टी मागा: तुमच्या गाडीची मूळ स्टॉक फाइल (कंपनीचं सॉफ्टवेअर) आणि रिमॅपनंतर रस्त्यावर घेतलेला लॉग (गाडी चालताना सेन्सरांनी नोंदलेले आकडे).

माझं घोडं इथेच अडलं. ज्या वर्कशॉपने रिमॅप केला (नाव घेणार नाही, विचारूही नका) त्यांनी डायनोचा (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) रंगीत कागद दिला, त्यावर फक्त 'नंतर'चा आकडा. बिलावर 'सॉफ्टवेअर सर्व्हिस, १ नग'. लॉग मागितला तर "साहेब, ते आमचं इंटरनल असतं." स्टॉक फाइल मागितली तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लॉक केलाय, आणि लॉक काढायचे पैसे वेगळे! दर वेळी एकच सल्ला, पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून बघा. पंप बदलत राहिलो. शेवटी इंजिन उघडलं तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनवर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या कडेचा नखाएवढा तुकडा गायब. पुढे दुसऱ्या ट्यूनरने फाइल वाचली, तर ती ९८ ऑक्टेनसाठी (आकडा जितका जास्त, तितकं पेट्रोल अवेळी पेटायला कमी) लिहिलेली. आपल्याकडचं साधं पेट्रोल तेव्हा ९१ धरून चालावं लागायचं. लॉग पहिल्याच आठवड्यात हातात आला असता तर हे कुणालाही दिसलं असतं.

तो 'टक' बहुधा एलएसपीआय, म्हणजे कमी आरपीएमला जास्त बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) असताना ठिणगीच्या आधीच होणारा स्फोट. (मी मेकॅनिक नाही, तुमची गाडी पाहिलेली नाही, नुसत्या आवाजावरून निदान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही.) लहान टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांचा हा जुना रोग. स्टॉकमध्ये टॉर्क १७५ एनएम असतो, रिमॅपमध्ये तो वाढतो आणि वाढतो नेमका खालच्या आरपीएमला. तेव्हा १५००-१८०० ला पाचव्यात फुल थ्रॉटल नको. तिसरा टाका, २५००च्या वर चढवा. आवाज वाढेल, मायलेज पडेल, पिस्टन वाचेल. उलट चांगल्या ट्यूनरला सांगून २००० च्या खालचा टॉर्क कमीच करून घ्या. गाडी रिमॅप केल्यासारखी वाटत नाही म्हणून लोक नाक मुरडतात, मुरडू देत.

ऑइलबद्दल एकच. डब्यावर कंपनीचं अप्रूव्हल तर हवंच, शिवाय एपीआय एसपी बघा. २०२० सालच्या या ग्रेडमध्ये एलएसपीआयची चाचणी आहे. जुन्या ऑइलमधलं जास्त कॅल्शियम या रोगाला खतपाणी घालतं. कंपनी १५,००० किलोमीटर म्हणते. ट्यून केलेल्या गाडीला मी निम्म्यावर बदलतो. प्लगचंही तेच.

ई२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) इथे बरीच रडारड चालते. नॉकच्या (इंधन अवेळी पेटून इंजिनात बसणारा ठोका) बाबतीत इथेनॉल वाईट नाही, उलट चांगलंच. अडचण प्रमाणाची आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन. जुन्या फाइलने इंजेक्टर आणि हायप्रेशर पंप आधीच कडेला नेलेले असतील तर रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणारा इंधनाचा दाब) पडतं. ट्यूनरला थेट विचारा: फाइल कोणत्या इंधनावर लॉग केली? उत्तर तिथल्या तिथे आलं नाही तर समजून जा.

इंटरकूलरचं म्हणाल तर या इंजिनात तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच आणि पाण्यावर चालणारा. समोर मोठा लावू म्हणणारा तुमच्या खिशावर डोळा ठेवून आहे. आधी त्याच्या छोट्या इलेक्ट्रिक पंपाचं काम तपासा आणि कूलंटमध्ये नळाचं पाणी घातलंय का ते बघा. गॅरेजवाले सर्रास घालतात.

विमा कंपनीला न कळवता रिमॅप ठेवणं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्यावरचं), वॉरंटी, यावर इथे भांडणं झालीत, परत नको.

तर ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनचे आकडे वाचणारं) घ्या आणि खंबाटकीत मित्राला लॅपटॉप घेऊन शेजारी बसवा. तुम्ही गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून वरपर्यंत फुल थ्रॉटलवर एकदा सलग ओढली की पुरे. तो आवाज मुद्दाम काढायला जाऊ नका. प्रत्येक सिलिंडरचा टायमिंग रिटार्ड (ठिणगी किती मागे ढकलली जाते), इनटेक तापमान, मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट, रेल प्रेशर, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) एवढं घ्या. सगळे सिलिंडर थोडेथोडे मागे जात असतील तर तो इंधनाचा किंवा उष्णतेचा विषय. एकच जात असेल तर आधी त्याचा प्लग आणि कॉइल काढून बघा, आणि तोवर गाडी हळू चालवा. फाइल इथे टाका, रविवारी निवांत बघतो.