मध्यम शहरात शिकायला जावं का?

प्रवेश घेताना नुसतं कॉलेजचं नाव बघू नकोस, शहराचा आकारही बघ. मध्यम शहराचा खरा फायदा पैशापेक्षा वेळेचा. महानगरात स्वस्त खोली हवी तर लांब राहावं लागतं, आणि भाड्यात वाचलेलं सगळं प्रवासात आणि झोपेत वसूल होतं. रोज जाऊन-येऊन तीन तास धरले तर सहा दिवसांचे अठरा झाले. तेवढ्यात एखादा अवघड विषय मार्गी लागतो! मध्यम शहरात खोली, लायब्ररी, लॅब बहुधा सायकलच्या टप्प्यात असतं. मित्रही जवळपासच राहतात, त्यामुळे अभ्यासाचा गट टिकतो.

शहर लहान म्हणजे शिक्षण कमी दर्जाचं, हे डोक्यातून काढ. जर्मनीतलं गॉटिंगेन कधीच महानगर नव्हतं, पण गाउस आणि हिल्बर्ट हे मोठे गणितज्ञ तिथेच प्राध्यापक होते.

अडचण इंटर्नशिपची. कंपन्या कमी, पार्टटाइम कामंही मोजकीच. त्यासाठी सुट्टीत मोठं शहर गाठावं लागेल, तो खर्च आधीच धर.

खोलीचं मात्र लवकर बघ. सत्र तोंडावर आलं की सगळेच शोधत असतात आणि भाडं चढतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेआधीच विचारून ठेव, त्यांच्या खोल्या रिकाम्या होणारच असतात. डिपॉझिट कधी, किती परत मिळणार, ते लेखी घे. आणि खोली दिवसा आवडली तरी अंधार पडल्यावर पुन्हा एकदा बघून ये. शेवटची बस किती वाजता, रस्त्यावर दिवे आहेत का, ते तेव्हाच कळतं.