बॅटरी आणि मॅग्नेट, दोन्ही एकाच गाइडकडे कसे?

तुमच्या भाचीला ज्यांच्याकडे पीएचडीची जागा मिळतेय, त्यांचा विषय ‘बॅटरी आणि मॅग्नेटिक मटेरियल्स’ आहे आणि तुम्हाला शंका आहे की हे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ तर होणार नाही ना.

नाही होणार. मी अशाच लॅबमधून बाहेर पडलोय. विषय दोन दिसले तरी खलात घोटायची पावडर बऱ्याचदा एकच असते: लोखंड, कोबाल्ट, मँगनीज यांची ऑक्साइडं नाहीतर फॉस्फेटं. या धातूंमधले काही इलेक्ट्रॉन जोडी न लावता एकटे राहतात. ते शेजारच्या धातूशी मधल्या ऑक्सिजनच्या मध्यस्थीने कसं जुळवून घेतात, यावर चुंबकत्व ठरतं. त्याच कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन काढून घ्यायला किती ऊर्जा लागते, यावर बॅटरीचे व्होल्ट ठरतात.

जॉन गुडइनफ यांचंच बघा. 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना लिथियम बॅटरीसाठी मिळालं, वयाच्या 97 व्या वर्षी. पण 1950 च्या दशकात ते एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत कॉम्प्युटरच्या मेमरीवर काम करत होते. तेव्हाची मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या फेराइटच्या, म्हणजे लोखंडाच्या चुंबकी ऑक्साइडच्या, बारीक कड्या. चुंबकत्व एका दिशेला असलं की 0, उलट फिरलं की 1. ऑक्सिजनच्या आडून दोन धातू एकमेकांचं चुंबकत्व कसं ठरवतात, याचे त्या काळात बसवलेले नियम आजही त्यांच्या आणि जपानी भौतिकशास्त्रज्ञ कानामोरींच्या नावाने शिकवतात.

1976 मध्ये हा भौतिकशास्त्राचा माणूस ऑक्सफर्डला चक्क इनऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबचा प्रमुख झाला. त्या वेळची लिथियम बॅटरी टायटॅनियम सल्फाइडवर चालायची आणि अडीच व्होल्टच्या आसपास अडायची. ऑक्साइडमधल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब यांना मेमरीच्या दिवसांपासून पाठ. सल्फाइड सोडून ऑक्साइड घेतलं तर व्होल्टेज चढेल, असं त्यांनी ताडलं आणि 1980 मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडने 4 व्होल्ट देऊन दाखवले. पुढे दक्षिण आफ्रिकेहून मायकल थॅकरे हे संशोधक आले ते मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे साक्षात चुंबकी दगडात, लिथियम शिरतं असं सांगत. मॅग्नेटाइटमधल्या अणूंची मांडणी ‘स्पिनेल’ नावाची, मेमरीच्या त्या जुन्या कड्यांचीच. त्यात लोखंडाच्या जागी मँगनीज आलं आणि आणखी एक कॅथोड, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाचा माल, मिळाला.

आता माझी गोष्ट. लिथियम आयर्न फॉस्फेट बनवत होतो, बऱ्याच ईव्हींत असतं तेच. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी केलेली स्फटिकांची तपासणी, स्वच्छ; आलेखात एकही जादा शिखर नाही. गाइड म्हणाल्या, मॅग्नेटोमीटरवर लाव. मी मनात म्हटलं, बॅटरीचा माल, चुंबकत्व कशाला मोजायचं? बाहेरचं चुंबकी क्षेत्र वाढवत नेलं की रूम टेंपरेचरला आलेख सरळ रेषेत यायला हवा होता, पण शून्यापाशीच तो इंग्रजी ‘एस’सारखा वळला. पावडर बटर पेपरवर पसरून खालून जुन्या स्पीकरचा मॅग्नेट फिरवला, तर करड्या पावडरमध्ये मोजून सात-आठ कण दाढीच्या खुंटांसारखे उभे राहिले. पावडर दळायच्या बॉल मिलचं भांडं आणि गोळे स्टीलचे होते, त्यांचीच झीज! एक्सआरडीला एवढं थोडं लोखंड दिसतच नाही. असे कण सेलमध्ये गेले तर विरघळून दुसऱ्या टोकाला साचतात आणि आतल्या आत शॉर्ट करतात. म्हणून तर कारखान्यातही कॅथोडची स्लरी (पातळ लगदा) मॅग्नेटवरून गाळून घेतात. मी झिर्कोनिया या सिरॅमिकचे गोळे मागवले आणि तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं.

पुढे नोकरीसाठी काय धरायचं, असंही विचारलंय. जाहिराती सध्या बॅटरीच्या जास्त दिसतात, पण बहुतेक ईव्हींच्या मोटरला निओडिमियमचे मॅग्नेटही लागतातच. मी तिला आत्ताच निवड करायला सांगणार नाही. त्यापेक्षा गाइडना भेटायच्या आधी लॅबमधल्या सीनियरला गाठून दोन गोष्टी विचारायला सांगा: ग्लोव्हबॉक्स (हवा न लागू देता काम करायची आर्गॉन भरलेली पेटी) चालू आहे की आर्गॉनचा सिलिंडर संपून पडलाय, आणि मॅग्नेटोमीटर स्वतःचं आहे की दुसऱ्या संस्थेत नंबर लावावा लागतो. आमचा नंबर दोन महिन्यांनी लागायचा, आणि त्यातही ते यंत्र थंड करायचं लिक्विड हीलियम आलेलं असेल तर.