केळीच्या खोडातला सोंड्या

प्रश्न : निसवलेल्या (घड बाहेर पडलेल्या) केळीच्या खोडांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडून डिंकासारखा चीक ओघळतोय. एक झाड घडासकट मधेच मोडलं, आत बोगदे आणि पांढऱ्या अळ्या. दिवसा बागेत किडा कुठंच दिसत नाही. हे काय आहे, ताई?
— एक शेतकरी, सावदा

उत्तर : भाऊ, हा खोडात राहणारा सोंड्या भुंगा, ओडोइपोरस लाँगिकॉलिस. कंद पोखरणारा सोंड्या निराळा, तो जमिनीलगत काम करतो.

मोडलेल्या झाडाचं एक सोपट, म्हणजे पानाचा खोडाभोवती गुंडाळलेला बुडखा, आडवं कापून डोळ्यांजवळ धरा. आत हवेचे पोकळ कप्पे दिसतील. केळीचं खोड म्हणजे अशी सोपटंच, एकावर एक गुंडाळलेली. मादी सोंडेनं बाहेरून भोक पाडते आणि अंडं नेमकं त्या कप्प्यात ठेवते. चारआठ दिवसांत बिनपायाची अळी निघते आणि खात खात गाभ्याकडे सरकते. घडाचा दांडा तिथूनच वर येतो, त्यामुळे घड पोसत नाही आणि वारा आला की झाड मोडतं. पुरती वाढलेली अळी सोपटाचेच धागे अंगाभोवती गुंडाळून कोष करते. आमच्या यावलच्या बागेत असा कोष सापडला की मी तो उलगडून बघतेच. काथ्याच्या सुंभासारखा घट्ट वळलेला असतो. एवढं नुकसान करणाऱ्या किड्याचं हे कसब मला खरंच थोर वाटतं.

भुंगे रात्री हिंडतात. दिवसा सुटलेल्या सोपटांखाली आणि कुजक्या खोडात दडतात. काही काळे, काही तांबूस. रंगावरून नर-मादी ओळखता येत नाही.

घड कापल्यावर पिलाला, म्हणजे बुडाशी फुटलेल्या कोंबाला, रस मिळावा म्हणून आपण खोड उभं ठेवतो. निरोगी खोडाचं ठीक आहे, पण पोखरलेलं एक दिवसही ठेवू नका, भुंग्यांची पुढची पिढी त्यातूनच निघते. बुडापासून कापा, बारीक तुकडे करून बागेबाहेर न्या. त्या झाडाची पिलं लागवडीला घेऊ नका. मग ताज्या, निरोगी खोडाचे हातभर तुकडे उभे चिरून, चिरलेली बाजू खाली करून झाडांजवळ ठेवा. वासानं भुंगे गोळा होतात. सकाळी उलटून वेचा, तुकडे सुकले की बदला.

ही कीड साधारण पाच महिन्यांपुढच्या झाडांना धरते. तेव्हा त्या वयाच्या बागेतली वाळकी पानं आणि सुटलेली सोपटं याच आठवड्यात काढून टाका.