नेटवर्क : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ऑफिसची लाइन ‘95 पर्सेंटाइल’ पद्धतीने मोजतात, ठरलेला वापर 100 एमबीपीएस. दिवसा आम्ही त्याच्या आतच असतो. रात्री बॅकअप चालतो तेव्हा 400, एरवी 20. बॅकअप आधी तासाभरात उरकायचा, आता दीड तास लागतो. अर्ध्या तासाने बिल चौपट कसं झालं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची लाइन जिथे जोडलेली असते त्या पोर्टवरचा वापर दर 5 मिनिटांनी नोंदतात. 30 दिवसांच्या 8,640 नोंदी होतात. त्या उतरत्या क्रमाने लावून वरच्या 5 टक्के, म्हणजे 432 नोंदी सोडून देतात आणि 433व्या नोंदीवर बिल काढतात. 432 नोंदी म्हणजे 36 तास, रोजची 72 मिनिटं. तुमचे महिन्याचे 30 तास या माफीत बसत होते. आता ते 45 झाले, त्यामुळे 433वी नोंदही बॅकअपचीच, 400ची निघाली.

शनिवार-रविवार बॅकअप बंद ठेवला तर 22 रात्रींचे 33 तास होतात, बिल उतरतं. पण हा जुगार आहे. एखादा मोठा अपडेट आला की उरलेले तीन तास संपलेच.

त्यापेक्षा वेग बांधा. 400मधले एरवीचे 20 वगळले तर बॅकअपचे दीड तासात सुमारे 256 जीबी जातात. तेच रात्री 10 ते सकाळी 6 पसरवले तर 71 एमबीपीएस पुरतात. एरवीचे 20 धरूनही शंभरच्या आत. आरसिंक हा फाइली कॉपी करणारा प्रोग्राम वापरत असाल तर त्यातली वेगाची मर्यादा, ‘बीडब्ल्यूलिमिट’, 9000 ठेवा. हा आकडा किलोबाइटचा असतो. किलोबिट समजून 71000 घातलं की वेग बांधलाच जात नाही, आणि हे कळतं ते बिल आल्यावर.

खरं तर रात्री दोनला पुरवठादाराची लाइनही रिकामीच असते. ही पद्धत तुमची गर्दी मोजते, त्याची नाही. करार नव्याने करताना रात्रीच्या नोंदी वगळायला सांगून पाहा.

प्रश्न : लोकलसारखा इंटरनेटला फर्स्ट क्लास का नाही?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गणितज्ञ अँड्र्यू ओडलिझ्को यांनी 1990च्या दशकात नेमकं हेच सुचवलं होतं, पॅरिस मेट्रोवरून. सेवा तीच, फक्त एका भागाचा दर चढा, म्हणून तिथे गर्दी कमी. अडचण वाटणीत आहे. 10 जीबीपीएसच्या लाइनचे 5-5चे दोन भाग केले, की एक तुंबला तरी दुसऱ्यातली रिकामी जागा त्याला मिळत नाही. पॅरिसनेही 1991मध्ये आपला फर्स्ट क्लास बंद केला.