आधी 4 टक्के भरा, मग रक्कम मिळेल?

प्रश्न: पती जाऊन पाच आठवडे झाले. त्यांची एक जुनी विमा पॉलिसी निघाली आहे, असा फोन आला. रक्कम हवी तर तिच्यावरचा 4 टक्के कर शुक्रवारपर्यंत आधी भरायचा आहे. पतींची जन्मतारीख, नोकरी त्या माणसाला ठाऊक होती. माझ्या ओळखपत्राचा फोटो मी पाठवलाय. 4 भरून 100 मिळणार असतील तर भरावेत का? त्यांनी माझ्यासाठी काही ठेवलं असेल, असं सारखं वाटतं.

उत्तर: ताई, एक पैसाही भरू नका.

हे 4 टक्के शेवटचे आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. पहिली रक्कम पोचली की दुसरं कारण निघतं: फाइलचा खर्च, मग मुद्रांक, मग उशिराचा दंड. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. खऱ्या दाव्यात कर कापायचा असेल तर विमा कंपनी तो देय रकमेतूनच कापते आणि उरलेले पैसे खात्यात जमा करते. जन्मतारीख नि नोकरी तर निधनवार्तेत, मित्रांनी लिहिलेल्या आठवणींत सहज सापडते.

तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या फोनची सगळी मदार त्यावरच आहे. आपलं माणूस जाताना आपला विचार करून गेलं, हे ऐकायला कुणाला नको असतं? यात लाजण्यासारखं काही नाही. घरच्यांना आजच सगळं सांगा.

पॉलिसी खरोखर असेलही. पतींच्या बँक खात्याचा किमान 13 महिन्यांचा उतारा काढा, कारण वार्षिक हप्ता वर्षातून एकदाच दिसतो. हप्ते संपलेली पॉलिसी त्यात दिसणार नाही. तिच्यासाठी कपाटातले कागद नि जुनी करविवरणपत्रं पाहा, आणि पतींच्या कार्यालयात विचारा. कंपनीचं नाव मिळालं की तिचा फोन नंबर स्वतः शोधा, त्या माणसाने दिलेला वापरू नका. खरा दावा शुक्रवारी बुडत नाही.

घाई करायची ती ओळखपत्रासाठी. आजच बँकेला कळवा, आणि तुमच्या नावावर कुणी कर्ज काढत नाही ना, हे पुढचे काही महिने तपासत राहा. पतींचं सिमकार्ड मात्र इतक्यात बंद करू नका. बँकेचे संदेश त्यावरच येतात, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो.

तुमचा नंबर आता या ठगांच्या यादीत आहे. उद्या कुणी पतींच्या थकलेल्या कर्जासाठीही फोन करेल. कर्ज साधारणपणे मृताच्या मालमत्तेतून फेडलं जातं. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार आहात का, हे आधी कागदावर पाहायला हवं. त्यामुळे लेखी मागा, आणि कागद हातात येईपर्यंत कशालाच हो म्हणू नका.