छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात मुलांना एवढं काय दिसतं?

तुम्ही विचारलंय की मुलीला लिबरल आर्ट्सच (म्हणजे एकाच शाखेत न अडकता वेगवेगळ्या शाखांचे विषय सोबत शिकायची पदवी) करायचंय, तेही छोट्याच कॉलेजात, तर त्यात एवढं आहे काय? मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. तेव्हा उत्तर थोडं एकतर्फी वाटलं तर चालवून घ्या.

मुख्य गोष्ट ही की तिथे मागच्या बाकावर लपता येत नाही. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजात ट्युटोरियल नावाचा प्रकार आहे. एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी. या आठवड्यात एकाने निबंध लिहायचा, दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची. पुढच्या आठवड्यात उलट. अख्ख्या कॉलेजात मुलं दोन हजारांच्या आसपास आणि जवळपास सगळी पदवीचीच, म्हणून हे परवडतं. हुशार पण बुजऱ्या मुलांना याचंच आकर्षण असतं, असं माझं मत.

दुसरं म्हणजे अर्थशास्त्र घेतलं म्हणून तत्त्वज्ञान सुटत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि सोबत दुसरा जोडविषय, आणलंय. पण छोट्या कॉलेजात बऱ्याचदा ज्या विषयाचा प्राध्यापक हाताशी असतो, तोच मायनर म्हणून पदरात पडतो.

खान्देशाला हे सगळं नवं नाही बरं का. अमळनेरचे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था काढली. तिथे शिकायला आलेले साने गुरुजी पुढे तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले.

आता कामाचं. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीला भुलू नका. प्राध्यापक कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे आधी विचारा. तासिकेवाल्याला तासाचेच पैसे मिळतात. दोन तास झाले की तो दुसऱ्या कॉलेजच्या एसटीसाठी पळतो. त्याचा दोष नाही, पण तास संपल्यावर व्हरांड्यात थांबून बोलणारं माणूसच नसेल तर वर्गात वीस मुलं काय आणि दोनशे काय! ग्रंथालयात मुलांना कपाटापर्यंत जाऊ देतात की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते, तेही बघा. खासगी विद्यापीठांची फी लाखांत जाते, म्हणून शिष्यवृत्तीचं सगळं लेखी घ्या.

आणि मुलीला अर्धा दिवस तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींसोबत बसू द्या. तुम्ही तेवढा वेळ कॅन्टीनला चहा घ्या. पालक समोर असले की त्या खरं सांगत नाहीत.